जळलेले गिअर ऑइल : वास हे लक्षण, आजार वेगळाच

चंद्रपूरहून मूलकडे येणारा रस्ता चिचपल्ली, केळझरच्या जंगलातून येतो. मे महिन्यात या भागात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे कोणाला नवीन नाही. अशा दुपारी पाच माणसे, टपावर सामान आणि एसी पूर्ण सुरू असलेली एखादी ऑटोमॅटिक गाडी अचानक जड वाटू लागते. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो, पण गाडी उचलत नाही. मग करपलेल्या पोळीसारखा वास येतो. कशीबशी गाडी गॅरेजपर्यंत पोहोचते. मेकॅनिक गिअरबॉक्समधले तेल बोटावर घेतो, हुंगतो आणि निकाल देतो, "ऑइल जळलं साहेब, बदलून टाकू."

हा निकाल बरोबर असतो, पण अर्धाच असतो. अंग तापले म्हणून तापाची गोळी दिली, तर दोन तास बरे वाटते. ताप मलेरियाचा असेल तर तो परत येतो आणि मधल्या काळात आजार वाढलेला असतो. गिअरबॉक्समधले तेल जळणे हेसुद्धा तापासारखेच लक्षण आहे. तेल का जळले, हा खरा प्रश्न. तो न सोडवता नवे तेल भरले, तर काही महिन्यांत तेही जळते आणि त्या वेळी खर्च तेलाचा नसतो, अख्ख्या गिअरबॉक्सचा असतो.

मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा या भागात हा प्रश्न केवळ खिशाचा नाही. डायलिसिसला जाणारा, बाळंतपणाची अडचण झालेली किंवा छातीत दुखणारा रुग्ण चंद्रपूर, गडचिरोली किंवा थेट नागपूरला न्यावा लागतो. १०८ ची ॲम्ब्युलन्स असली तरी असंख्य कुटुंबे घरच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीनेच निघतात. ती गाडी रात्री जंगलात बंद पडणे म्हणजे काय, हे येथील माणसाला सांगावे लागत नाही.

लाल तेलाची चार कामे

साध्या, हाताने गिअर टाकायच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना क्लच प्लेट जोडते. पूर्ण ऑटोमॅटिक गाडीत त्या जागी 'टॉर्क कन्व्हर्टर' असतो. त्याची कल्पना सोपी आहे. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा आणि एकच सुरू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याऐवजी तेल असते. इंजिनाकडचे पाते तेल फेकते, गिअरबॉक्सकडचे पाते त्या धारेने फिरते.

हेच तेल दाबाखाली पुढे जाऊन आतल्या क्लच प्लेटा आवळते आणि गिअर बदलते. तेच दातऱ्यांना व बेअरिंगला वंगण देते. आणि तेच आतली उष्णता उचलून कूलरपर्यंत नेते. शक्ती पोहोचवणे, दाब देणे, वंगण आणि थंडावा ही चारही कामे एकाच द्रवाने करायची, म्हणून हे तेल इंजिन ऑइलपेक्षा वेगळे बनवावे लागते. त्याला लाल रंग दिला जातो तो केवळ ओळखीसाठी. खाली टपकलेले तेल इंजिनचे की गिअरबॉक्सचे, हे लगेच कळावे म्हणून.

या तेलात घर्षण नेमके राखणारी द्रव्ये मिसळावी लागतात. प्लेट निसटता कामा नये आणि झटकाही बसता कामा नये, इतका तो समतोल नाजूक असतो. अमेरिकेत अनेक वर्षे यासाठी स्पर्म देवमाशाचे तेल वापरले जात असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला देवमाशांच्या रक्षणासाठी त्यावर बंदी आली, तेव्हा तेल कंपन्यांना पर्याय शोधण्यासाठी मोठी धडपड करावी लागली; जोजोबाच्या बियांच्या तेलाकडे जगाचे लक्ष गेले, त्यामागे हेही एक कारण होते. "लाल दिसतंय ना, मग कुठलंही चालेल" असे म्हणणाऱ्याने हा इतिहास लक्षात ठेवावा.

तेल 'जळते' म्हणजे नेमके काय होते?

गिअरबॉक्सच्या आत ज्वाळा लागत नाहीत. जळणे म्हणजे येथे ऑक्सिजनशी होणारी क्रिया, म्हणजे ऑक्सिडीकरण. स्वयंपाकघरात हे रोज दिसते. भज्यांच्या कढईतले तेल पुन्हा पुन्हा तापवले की काळसर, घट्ट आणि उग्र वासाचे होते. तळणाच्या तेलात असे बिघडलेले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत, अशी मर्यादा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घातली आहे. गिअरबॉक्समधले तेल खनिज किंवा कृत्रिम असले तरी त्याचा मार्ग साधारण तोच. उष्णतेने तेलाच्या साखळ्या तुटतात, त्यांना ऑक्सिजन चिकटतो, आधी उग्र वासाची छोटी संयुगे व आम्ले तयार होतात आणि पुढे ती एकमेकांना जोडून चिकट थर होतो. जुन्या कढईच्या कडेला बसणारा तांबूस, न निघणारा थर आठवावा. तसाच थर गिअरबॉक्सच्या बारीक झडपांवर बसतो.

रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम येथे लागू पडतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे तेलाचे आयुष्य निम्मे होते. गिअरबॉक्सचे तेल सहसा ८० ते ९५ अंशांच्या आसपास राहावे, अशी रचना असते. तेच तेल सतत ११५ अंशांवर राहिले, तर त्याचे आयुष्य चौथ्या हिश्शाच्याही खाली येऊ शकते. त्याहून वर गेल्यास रबरी सील कडक होतात. १४५-१५० च्या पुढे क्लच प्लेटाच करपू लागतात.

या प्लेटांवरचा थर कागदासारख्या तंतूंचा आणि राळेचा असतो. नुसते जुने झालेले तेल तपकिरी होते आणि त्याला हलका आंबूस-उग्र वास येतो. करपलेल्या भाकरीसारखा तीव्र वास आणि तेलात काळी पूड दिसली, तर तेलासोबत प्लेटाही जळाल्याची शक्यता मोठी. उपचार कुठवर चालतील हे बहुधा या फरकावरच ठरते.

येथून दुष्टचक्र सुरू होते. चिकट थरामुळे झडप अडकते, झडप अडकल्याने दाब कमी पडतो, दाब कमी पडल्याने प्लेट घसरते, घसरण्याने आणखी उष्णता तयार होते आणि तेल आणखी जळते. मधुमेहात साखर वाढली की इन्सुलिनचे काम बिघडते आणि त्यामुळे साखर आणखी वाढते, तसेच हे आहे. चक्र जितके लवकर तोडावे तितके बरे.

चिखलातले अर्धे मिनिट

उष्णता किती झटपट वाढते याचा एक साधा हिशेब मांडता येतो. पावसाळ्यात धानाच्या बांधीजवळ गाडी चिखलात रुतली. चालक ॲक्सिलरेटर दाबून धरतो, पण चाक जागचे हलत नाही. अशा वेळी इंजिनची जी शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमध्ये येते, ती जवळजवळ सगळी तेल घुसळण्यात जाते. समजा ही शक्ती ३० किलोवॅट आहे आणि गिअरबॉक्समध्ये ८ लिटर, म्हणजे सुमारे ७ किलो तेल आहे. एक किलो तेल एक अंशाने तापायला साधारण २ किलोज्यूल लागतात. म्हणजे तेलाचे तापमान सेकंदाला २ अंशांहून अधिक वाढते. काही उष्णता धातू व कूलर घेतात, तरीही अर्ध्या मिनिटात तापमान ४०-५० अंशांनी चढणे अशक्य नाही.

म्हणून रुतलेली ऑटोमॅटिक गाडी जोर लावून काढू नये. पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त ॲक्सिलरेटर दाबून धरू नये. चाकाखाली दगड, फांद्या, पोते टाकावे. चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरच्या जोरावर रोखून धरण्याची सवयही अशीच घातक आहे.

आधी गाडी कोणती, ते पाहा

'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली वेगवेगळ्या रचना विकल्या जातात. २०१४ मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिक गाड्या आल्या, त्यांत 'एएमटी' नावाची रचना असते. तिच्यात गिअरबॉक्स साधाच असतो. क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम पायाऐवजी यंत्र करते. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही आणि लाल तेलही नाही. अशा गाडीला करपल्याचा वास आला, तर तो बहुधा कोरड्या क्लच प्लेटचा असतो. तेथे तेल बदलून काहीच साधत नाही. चढावर किंवा गर्दीत इंच-इंच पुढे सरकण्याने ही प्लेट तापते.

'सीव्हीटी' प्रकारात पट्टा आणि पुली असतात. तिचे तेल वेगळे असते आणि काहींचे तर हिरवट असते. तिच्यात नेहमीचे लाल तेल घातले, तर पट्टा घसरून महागडे नुकसान होते. मोठ्या एसयूव्हींच्या अनेक ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये मात्र टॉर्क कन्व्हर्टर असतो, आणि हा लेख प्रामुख्याने त्यांच्याबद्दल आहे. गाडीचे माहितीपुस्तक काढून आपली रचना कोणती, एवढे तरी मालकाने एकदा पाहून ठेवावे.

निदानाचा क्रम

चांगले निदान नेहमी विचारपूस करण्यापासून सुरू होते. पी वरून डी टाकल्यावर गाडी लगेच पकडते की दोन-तीन सेकंद थांबते? गार असताना नीट चालते आणि तापल्यावरच घसरते का? एका ठराविक वेगावर पत्र्याच्या रस्त्यावरून गेल्यासारखी थरथर जाणवते का? रात्री उभी केलेल्या जागी सकाळी लाल डाग दिसतो का? अलीकडे गाडीने ट्रॉली ओढली, ती पुरातून गेली किंवा रुतली होती का? या उत्तरांत अर्धे निदान असते.

दुसरी पायरी तेल पाहण्याची. काही गाड्यांत गिअरबॉक्सलाही डिपस्टिक असते. बहुतेक गाड्यांत सपाट जागी, तेल गरम असताना आणि इंजिन सुरू ठेवून पातळी पाहायची असते. काही कंपन्या इंजिन बंद करून पाहायला सांगतात. नव्या अनेक गाड्यांत डिपस्टिकच नसते. त्यांत तेल ठराविक तापमानाला असताना खालचा बोल्ट उघडून पातळी ठरवतात, आणि ते काम लिफ्ट व स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच करावे.

तेलाचा एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. चांगले तेल एकसारखे पसरते आणि फिकट लालसर दिसते. मध्यभागी काळा ठिपका राहिला आणि कडेला फक्त फिकट तेल पसरले, तर त्यात पूड व गाळ आहे. सुटे कण जागीच राहतात आणि द्रव पुढे सरकतो, हे प्रयोगशाळेतल्या कागदी क्रोमॅटोग्राफीसारखेच तत्त्व. तेल स्ट्रॉबेरीच्या दुधासारखे गुलाबी दिसले, तर त्यात पाणी किंवा कूलंट शिरले आहे. अनेक गाड्यांत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. मधली भिंत फुटली की दोन्ही द्रव मिसळतात. अशी गाडी चालवू नये, कारण कूलंट प्लेटांवरचा थर सोडवतो. तेलात फेस असेल, तर पातळी चुकली असण्याची शक्यता आहे. आणि तेल प्रमाणापेक्षा जास्त भरणेही कमी भरण्याइतकेच वाईट.

एक इशारा आवश्यक आहे. नुसत्या रंगावर निकाल देऊ नये. काही आधुनिक तेले थोड्याच वापरात काळसर होतात, तरी ती चांगली असतात. रंग, वास, काळी पूड आणि गाडीची वागणूक असे चारही पुरावे एकत्र पाहावेत.

तिसरी पायरी स्कॅनरची. 'पी ०२१८' हा कोड गिअरबॉक्सचे तेल मर्यादेपलीकडे तापल्याचे सांगतो, 'पी ०७३०' गिअरचे गुणोत्तर चुकल्याचे, म्हणजे बहुधा प्लेट घसरल्याचे आणि 'पी ०७४१' टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच पकडत नसल्याचे. कोड म्हणजे रक्ताचा रिपोर्ट. तो बाकीच्या तपासणीला जोडूनच वाचायचा असतो.

कारण सापडल्याशिवाय बोल्ट उघडू नये

तेल जळण्यामागची कारणे मोजकीच आहेत. पहिले म्हणजे सीलमधून गळून तेल कमी होणे. तेल कमी झाले की पंप हवा ओढतो, दाब पडतो, प्लेट घसरते. दुसरे, थंडावा न मिळणे. मूल हा भातगिरण्यांचा परिसर. हवेतली धूळ, भाताचा भुसा आणि रात्रीच्या प्रवासातले किडे रेडिएटर व कूलरच्या जाळीत अडकतात आणि वाऱ्याची वाट बंद होते. हलक्या पाण्याच्या धारेने जाळी साफ करणे हा वर्षातून दोनदा करायचा, जवळजवळ फुकटचा उपाय आहे. रेडिएटरचा पंखा किंवा कूलंट नीट नसेल तरी गिअर ऑइल तापते. तिसरे कारण अतिभार, चौथे चुकीचे तेल आणि पाचवे फार जुने तेल.

पाचव्या कारणाबद्दल गैरसमज मोठा आहे. काही कंपन्या गिअरबॉक्सचे तेल 'आयुष्यभराचे' असल्याचे सांगतात. मात्र माहितीपुस्तकात 'कठीण परिस्थितीतील वापर' असे वेगळे कोष्टक बहुधा असते. कडक ऊन, धूळ, वारंवार छोटे फेरे, पूर्ण भार आणि ट्रॉली ओढणे ही त्यातली उदाहरणे. चंद्रपूर-गडचिरोलीतला वापर याच कोष्टकात बसतो. त्यातले अंतर पाहून तेल बदलावे.

दुरुस्ती : निम्मेच तेल निघते

खालचा बोल्ट काढला की सगळे तेल बाहेर येते, असे वाटते. ते खरे नाही. बरेचसे तेल टॉर्क कन्व्हर्टर व नळ्यांत राहते. आठ लिटरपैकी चार निघाले, तर पहिल्या बदलानंतर जुने तेल ५० टक्के उरते, दुसऱ्यानंतर २५ आणि तिसऱ्यानंतर साडेबारा. तीव्र कावीळ झालेल्या नवजात बाळाचे रक्त बदलताना हाच हिशेब असतो. बाळाच्या शरीरातल्या रक्ताच्या दुप्पट रक्त वापरले, तरी साधारण ८५ टक्केच बदलले जाते, कारण नवे आणि जुने मिसळत जाते. म्हणून मधे थोडे अंतर गाडी चालवून दोन-तीन वेळा बदल करणे हा सुरक्षित मार्ग मानला जातो. जुन्या, गाळ साचलेल्या गिअरबॉक्समध्ये यंत्राने जोरदार दाबाची धुलाई मात्र टाळावी. सुटलेला गाळ बारीक झडपांत अडकू शकतो.

चेंबर उघडले की मालकाने स्वतः आत पाहावे. चुंबकावर करडे, लोण्यासारखे मऊ लिंपण असणे नेहमीचे आहे. ती झिजेची बारीक पूड असते. चमकणारे तुकडे, धातूचे काप किंवा प्लेटच्या थराचे काळे पापुद्रे दिसले, तर नुसत्या तेलाने भागणार नाही. फिल्टर बदलता येण्याजोगा असेल तर तो आणि चेंबरचे पॅकिंग नवे घालावे. तेल माहितीपुस्तकात सांगितलेल्या दर्जाचेच असावे. निघालेले तेल मोजून घ्यावे, तेवढेच भरावे आणि शेवटी योग्य तापमानाला पातळी तपासावी.

"जुने तेल बदलले म्हणून गिअरबॉक्स गेला," अशी तक्रार ऐकू येते. बहुतेकदा अशा गाडीच्या प्लेटा आधीच संपत आलेल्या असतात आणि गिअरबॉक्स घसरू लागल्यावरच तेल बदलायचे सुचलेले असते. जळून गेलेला थर कोणतेही तेल परत आणत नाही. तेल तपकिरी आहे, पण गाडी नीट चालते, तेव्हाच बदलाचा खरा फायदा. घसरणे सुरू झाले असेल, तर मेकॅनिकने आधीच स्पष्ट सांगावे की तेलबदल ही शेवटची आशा आहे, खात्री नाही.

रस्त्यातच वास आला तर

सावली पाहून गाडी बाजूला घ्यावी. उन्हाळ्यात जंगलपट्ट्यात वाळलेल्या पानांवर किंवा गवतावर मात्र उभी करू नये; गाडीखालचा सायलेन्सर इतका तापलेला असतो की वणवा लागू शकतो. धूर येत असेल किंवा खाली तेल गळत असेल, तर इंजिन लगेच बंद करून सर्वांना वाऱ्याच्या उलट दिशेला उतरवावे. गरम सायलेन्सरवर पडलेले तेल पेट घेऊ शकते.

धूर नाही, गळती नाही आणि इंजिनचा तापमानाचा काटा जागेवर आहे, तर पी मध्ये टाकून, एसी बंद करून इंजिन काही मिनिटे सुरू राहू द्यावे. त्यामुळे पंप तेल कूलरमधून फिरवत राहतो. वीस-तीस मिनिटांनी हळू, कमी भाराने जवळच्या गावापर्यंत जाता येते. तेव्हाही गाडी घसरली, तर पुढे रेटू नये.

ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणे ही आपल्याकडची सर्रास रीत. ऑटोमॅटिक गाडीसाठी ती घातक आहे. इंजिन बंद असले की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही, पण चाकांमुळे आतले भाग फिरत राहतात, तेही वंगणाशिवाय. गाडी सपाट ट्रकवर चढवून न्यावी किंवा निदान इंजिनची शक्ती मिळणारी चाके उचलून न्यावी.

आणि गाडीपेक्षा माणसे महत्त्वाची. बंद पडलेल्या गाडीत काचा लावून वृद्ध, रुग्ण किंवा मूल बसवून ठेवू नये; आतले तापमान काही मिनिटांत जीवघेणे होते. पाणी आणि ओआरएस गाडीत असावे. अंधारात किंवा पहाटे जंगलपट्ट्यात मदत शोधायला एकट्याने पायी निघू नये. हा वाघांचा मुलूख आहे. सोबत रुग्ण असेल तर वेळ न दवडता १०८ ला फोन करावा.

हात, कातडी आणि शरबताची बाटली

गॅरेजमधल्या पोरांच्या हातांकडे फारसे कोणी पाहत नाही. तेल कातडीतला नैसर्गिक स्निग्धांश काढून टाकते. मग भेगा, खाज, गजकर्णासारखे दिसणारे चट्टे आणि मांड्या व हातांवर तेलाच्या पुळ्या येतात. व्यवसायातून होणाऱ्या कर्करोगाची पहिली ओळख १७७५ मध्ये लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्या मुलांमध्ये पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने करून दिली. १९२० च्या दशकात मँचेस्टर भागातल्या सूतगिरणी कामगारांमध्ये, यंत्राच्या तेलाने कपडे भिजत असल्यामुळे, वृषणाच्या त्वचेचा तसाच कर्करोग आढळला. नीट शुद्ध न केलेली खनिज तेले माणसात कर्करोग करतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे. आजचे गिअर ऑइल खूप शुद्ध केलेले असते, त्यामुळे धोका त्या काळाइतका नाही. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये मात्र जळालेल्या इंधनाची घातक द्रव्ये मिसळलेली असतात, आणि गॅरेजमधले हात दोन्हींत बुडतात.

उपाय महाग नाहीत. नायट्राइलचे हातमोजे घालावेत. तेलकट फडके खिशात ठेवू नये आणि तेलाने भिजलेला पँट-शर्ट दिवसभर अंगावर ठेवू नये. हात पेट्रोल किंवा डिझेलने धुऊ नयेत. थोडे खाद्यतेल चोळून मग साबण लावावा. गरम तेल अंगावर सांडले, तर भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नये. फोड आले, किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील तर रुग्णालय गाठावे.

सर्वांत मोठा धोका घराच्या कोनाड्यात असतो. उरलेले तेल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय घरोघरी आहे. नवे गिअर ऑइल लाल आणि पारदर्शक असते. उन्हाळ्यात तहानलेल्या मुलाला ते गुलाबाचे शरबतच वाटते. असे तेल पोटात गेल्याने सहसा फार अपाय होत नाही. खरे संकट ते श्वासनलिकेत उतरण्याचे, कारण त्याने फुप्फुसाला रासायनिक सूज येते. म्हणून मुलाने तेल प्यायल्याचे कळताच बोटे घालून, मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. उलटीतच तेल फुप्फुसात जाण्याचा धोका अधिक. तोंड पुसावे, मुलाला बसते ठेवावे आणि बाटलीसह लगेच रुग्णालयात न्यावे. खोकला, घरघर, धाप किंवा गुंगी दिसल्यास एक मिनिटही थांबू नये. सुरुवातीला मूल बरे दिसले तरी दाखवावे, कारण त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते नालीत किंवा बांधावर ओतले, तर पहिल्याच पावसात मामा तलावात आणि धानाच्या बांधीत पोहोचते. गुरांच्या जखमेवर लावण्यासाठीही ते वापरू नये. झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवण्याची सोय गॅरेजने ठेवावी, आणि तेल बदलून घेताना "जुने तेल कुठे जाते?" एवढे मालकाने विचारावे.

या उन्हाळ्यात लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी चार गोष्टी पाहून घ्याव्यात : गाडीखाली डाग आहे का, कूलरची जाळी मोकळी आहे का, गिअर तापल्यावर घसरतो का आणि तेलाला करपल्याचा वास येतो का. चारपैकी एकाचेही उत्तर "हो, काहीतरी गडबड आहे" असे असेल, तर तपासणी निघण्याच्या आदल्या दिवशीच करून घ्यावी. केळझरच्या जंगलात ती करणारे कोणी भेटणार नाही.